मिरचीच्या धुऱ्यावरची एरंडी

मामाजी, आज सकाळी मागच्या अंगणात एरंडीची बोंडं वाळत घातली होती. ऊन चढलं तशी ती तडतड फुटायला लागली आणि एक बी उडून थेट माझ्या चहाच्या कपात पडली. चहा ओतून दिला, कप तीनदा घासला, कारण ती बी किती विषारी असते ते मला ठाऊक आहे. पण हसू काही आवरेना. तुम्ही असता तर म्हणाला असता, "एरंडी भी तुले चांगली ओळखते, बाई." तुम्हाला जाऊन तीस वर्षं उलटून गेली. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहून गेली आहे, आणि ती या एरंडीचीच आहे.

मी साकोलीची. अकरावीत जीवशास्त्र शिकलेली. कोंढ्याला तुमच्या घरी सून म्हणून आले ती डोक्यावर पदर आणि डोक्यात पुस्तक घेऊन. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही ही तुमच्या घरची रीत. मी चुलीपुढे, तुम्ही चार हातांवर जेवायला बसलेले, तरी माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना म्हणणार, "सूनबाईले सांग, भाजी चांगली झाली." आत्याबाई घरात नसल्या तर बैलाला सांगायचं. "तहान लागून राहिली गा," असं तुम्ही गोठ्याकडे बघून म्हणालात की मी गुपचूप तांब्या उंबऱ्यावर ठेवायची. मला तर बाई कित्येकदा तोंडात पदर कोंबून हसू दाबावं लागायचं.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. पाऊस ओसरला होता, मिरची फुलावर आली होती आणि तुम्ही चार दिवस लेकीकडे आंधळगावला गेला होतात. मिरचीच्या वावराच्या चारी धुऱ्यांवर, बांधाबांधाने, तुमची एरंडी कमरेच्या वर वाढलेली, आणि पानांची नुसती जाळी झालेली. पान उलटलं तर खाली अळ्याच अळ्या! म्हटलं, हे रोगाचं घर इथून हललंच पाहिजे. कंबर कसली, होती नव्हती तेवढी एरंडी उपटली आणि धुऱ्यावरच ढीग घातला. कौतुक होईल म्हणून मनातल्या मनात फुगले होते. दोन दिवसांत ढिगातली पानं कोमेजली आणि उपाशी अळ्या सरळ मिरचीत उतरल्या.

तुम्ही परत येता ते थेट धुऱ्यावर. मी आणि आत्याबाई तिथेच अळ्या वेचतोय. घरातलं मीठ-कापड सगळं त्या मिरचीवर, हे मला तोवर कळून चुकलेलं. तुम्ही ढिगातलं एक पान उलटून पाहता. मग आत्याबाईंकडे वळता.

"सांगून गेलो होतो ना तुले, सूनबाईले सांग म्हणून? एरंडीले हात लावू नको म्हणून? अळी तिच्यावर जमते म्हणून तं मिरची वाचते! काहून नाही सांगतलं?"

मी पदराआडून म्हणते, "मले तं कोणी काही सांगतलं नाही."

आत्याबाई एकदा माझ्याकडे पाहतात. "विसरली मी," म्हणतात. मग तुम्ही त्यांना जे बोललात, ते ऐकून शेजारच्या वावरातली माणसं काम थांबवून उभी राहिली.

आठ दिवस आपण बादलीत रॉकेल-पाणी घेऊन अळ्या वेचल्या आणि निम्म्याहून जास्त मिरची वाचवली. त्यातच एका सकाळी तुम्ही म्हणालात, "आता मधात कोणाले ठेवत नाही. इकडे ये बाई, हे पान पाहून घे." पुढच्या पावसाळ्यात धुऱ्यांवर पुन्हा एरंडी आली आणि तुम्ही मला एकेक पान उलटून दाखवलं. अळीचं पाखरू आपली अंडी पानाखाली पुंजक्याने घालतं, वर भुरी लव असते. तेवढंच पान तोडायचं, पुरायचं, झाड राखायचं. तेल काढून उरलेली ढेप जनावरापुढे टाकायची नाही, वावरात घालायची, म्हणजे खतही होतं आणि वाळवीही हटते. बीच्या टोकाला बारीक गाठ असते, मुंगी तेवढ्यासाठी बी ओढून नेते, गाठ खाते आणि बी टाकून देते. म्हणून वारुळाशेजारी न पेरता एरंडी उगवते. हे माझ्या पुस्तकात नव्हतं. पुस्तकातलं मीही सांगितलं, एकाच तुऱ्यावर खाली नरफुलं असतात आणि वर लाल केसरांची मादीफुलं. तुम्ही तुरा फिरवून फिरवून पाहिलात आणि म्हणालात, "म्हंजे आपल्या घरासारखंच, बाया वर!" किती हसलो आपण. लहानपणीच वडील गेलेल्या मला त्या धुऱ्यावर बाप मिळाला. पुढची दहा वर्षं मी फार सुखात होते, मामाजी.

आता सांगते. आत्याबाई विसरल्या नव्हत्या. तुम्ही निघालात त्याच दुपारी भात उतरवता उतरवता त्यांनी मला दोनदा बजावलं होतं, "एरंडीले हात नको लावू वो, तुह्या मामाजीनं सांगतलं हाय." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, यांना काय कळतं, मी शिकून आलेय.

त्यानंतर तुम्ही त्यांच्याजवळ एकही निरोप ठेवला नाही. जे सांगायचं ते मलाच, आणि त्या बाजूला तांदूळ निवडत ऐकायच्या. त्यांनी जन्मभर हा विषय काढला नाही. शेवटच्या दुखण्यात मी त्यांचे पाय चेपत होते, तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी माफीचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. आता त्याही तुमच्याकडे आल्या आहेत. तिथेही त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार, एवढं मी त्यांना ओळखते. हे पत्र घडी घालून पेटीत ठेवते आहे. पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं, मामाजी. तुमच्या नजरेतून उतरायची भीती मला या वयातही वाटते.