चार नंबरची वाळू

३ मार्च
आले बाई एकदाची! खोली छान आहे. पांढऱ्या भिंती, खिडकीसमोर टेकडी आणि नळाला चोवीस तास पाणी. मला आणखी काय हवं? दिवसातून दहादा हात धुते म्हणून ताई मला ‘फिनाइल’ म्हणते. ही वही तिनेच दिली, पण कव्हर पुसल्याशिवाय मी ती उघडली नाही. पवनचक्क्यांच्या कामावर काँक्रीट तपासायची नोकरी आहे. साहेबांनी चहा पाजला. इथून स्वच्छ वीज निघणार, तेव्हा माणसंही स्वच्छच हवीत, असं म्हणून हसले. काम नीट केलं तर वर्षभरात कायम करतो म्हणाले.

५ मार्च
चार नंबरच्या पवनचक्कीचा पाया भरला. त्यातलंच काँक्रीट घेऊन मी सहा ठोकळे भरले. हातमोजे संपले होते, म्हणून नाक मुरडत उघड्या हातांनीच. ताकद तपासायला तीन ठोकळे सातव्या दिवशी यंत्रात फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या. तोवर ते हौदात बुडवून ठेवायचे. लोकांना वाटतं काँक्रीट वाळून घट्ट होतं. छे! ते पाणी पिऊन घट्ट होतं.

प्रयोगशाळेच्या दाराशी एक म्हातारी बसून असते. सगळे तिला टेकडीवाली आजी म्हणतात. टेकडीवर तिची वस्ती आहे, पण कंपनीच्या नकाशात तिथे ‘पडीक जमीन’ लिहिलंय. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारते, वाळू कुठून आणली. मी नवीन आहे, मला नाही माहीत, असं सांगून मी सटकले.

१२ मार्च
पहिला ठोकळा फुटला आणि आतून केस निघाले. दोन-चार नव्हे, वेणीचा तुकडा, टोकाला निळी फीत. दुसऱ्यातून दात. तिसरा फोडवेना. बाहेर जाऊन ओकले.

दाराशी बसलेल्या आजीने माझ्या हातातली फीत ओळखली. रडली नाही. म्हणाली, टेकडीच्या पोटातल्या वाळूत आम्ही आमची माणसं ठेवतो. तिची लेकही तिथेच, बाळंतपणात गेलेली. कंपनीने कुणालाही न विचारता ती वाळू उपसून नेली. तू खरं लिहून दे, काम थांबेल, उरलेली तरी आम्हाला परत मिळतील, असं म्हणत तिने माझा हात धरला. मी शब्द दिला. हात धुवायचं सुचलंसुद्धा नाही.

१३ मार्च
साहेब म्हणाले, शेळीचे केस असतील. शेळीला फीत कोण बांधतं, असं मी विचारलं. ते हसले आणि कायम नोकरीचं पत्र पुढे सरकवलं. जगाला स्वच्छ वीज हवीय, एका म्हातारीपायी अडवायची का, म्हणाले. ‘वाळू स्वच्छ आहे’ असा अहवाल तयारच होता. मी सही केली. पूर्ण नाव, वळणदार अक्षरात. वेणी त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली, वरून चहाचा चोथा. स्वतःची शिसारी आली. पत्र मात्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

१६ मार्च
पिण्याच्या पाण्यात केस. लांब, काळा. माझे तर खांद्यापर्यंतही नाहीत. पेला घासून पुन्हा भरला. पुन्हा केस.

२० मार्च
दाताखाली कचकच होते. चूळ भरली तर राखाडी पाणी. घशात काहीतरी अडकलं होतं, बोट घालून ओढलं. येतच राहिलं, हातभर, ओलं, बुळबुळीत. टोकाला निळं. शी! चारदा आंघोळ केली.

२५ मार्च
बोटं वाकत नाहीत. नखं राखाडी. नेलकटर तुटला. डॉक्टर म्हणाले वात आहे, गरम पाण्यात बसत जा. दिवसभर बसले. आणखी जड झाले.

२९ मार्च
मूर्ख मी! धुतेय म्हणूनच — पाणी पिऊन घट्ट — माझा हौद मीच —
पाणी बंद. पण तहान माझी नाही. शुद्धीवर येते ती नळाखालीच —

१ एप्रिल
आजीकडे गेले. माफी मागायची होती, जबडा उघडेना. तिने माझ्या गालावर हात फिरवला आणि लेकीला हाक मारली. विचारलं, आत आहेस का गं?
आतून कुणीतरी ‘हो’ म्हणालं. मी नाही.

२ एप्रिल
अठ्ठाविसावा दिवस. साहेबांचा निरोप आला, आजचे तीन ठोकळे फोडायचेत, ये.
डावा हात गेला. उजव्याची दोनच बोटं —
खरा अहवाल. चार नंबरच्या काँक्रीटमध्ये माणसं आहेत. टेकडी पडीक नव्हती. मला माहीत होतं. तरी मी —
बिनसहीच्या कागदाला कोण विचारतं. सही करते. पूर्ण नाव, तेव्हा केली तशीच.
माझं नाव —