जोड्या आणि कारणं

ती. आईस,
आधी नमस्कार, मग कुरकुर.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. डोकं मात्र वर्गात पिकतं. कुठल्या इंग्रजी शब्दाशेजारी कुठला शब्द शोभतो, ते मी मोठ्या माणसांना शिकवते. चहा 'स्ट्राँग', पाऊस 'हेवी'. वर्गातला एक सुतार रोज विचारतो, "पाऊस स्ट्राँग का नाही?" मी म्हणते, अहो, तसं म्हणत नाहीत म्हणून. मग तो कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहितो, 'कारण नाही', आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो.

तू एवढी लग्नं जुळवलीस. कुणी 'का?' असं विचारलं, की म्हणायचीस, "शोभतात एकमेकांना." माझंच तेवढं मोडलं. ते का, असं तू दर पत्रात विचारतेस. आता तूही वहीत लिहून ठेव: कारण नाही.

गुडघ्यांना तेल लावतेस ना?

तुझी वैतागलेली लेक