पुढच्या डब्याचं दार

कामिनुमा, ४ नोव्हेंबर

चि. शिगेओ यास थोरल्या भावाचा आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. आधी गुडघा धरला होता, मग पेन सापडेना, मग काय लिहावं तेच सापडेना. माझी शाळा अर्धवट, तुला ठाऊकच आहे.

इकडे थंडी पडली. स्टेशनामागच्या पर्सिमनच्या झाडाची फळं खायला अस्वल येऊन गेलं. म्हणून फलाट झाडायला जाताना मी पत्र्याचा डबा वाजवत जातो. स्टेशनमास्तरची जागाच बंद झाल्यापासून झाडलोट मी आणि शेजारची हिसाए, आम्हीच करतो.

तू घरी नीट पोचलास ना? वर्षश्राद्धाच्या दिवशी पाऊस होता. पुढच्या स्टेशनावर नुसता फलाट, छप्परसुद्धा नाही आणि परतीची गाडी संध्याकाळी. तुझी छाती नाजूक. मला सारखं वाटतं... पण असू दे.

हिसाए अजून मला टोचते. तुझी गाडी आली तेव्हा ती फलाटावर माझ्या शेजारीच उभी होती.

"अहो तोकुजी, मागच्या डब्यात शिगेओच ना तो? दार बडवतोय बघा!"

"दिसतोय."

"मग पुढे जा म्हणून खूण करा की!"

मी हात हलवला.

"अहो, हा तर निरोपाचा हात!"

तोवर गाडी सुटली.

इथे फक्त पुढच्या डब्याचं पुढचं दार उघडतं. तिकीटही ड्रायव्हरच घेतो. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. तू गाव सोडलंस तेव्हा गार्ड असायचा, सगळी दारं उघडायची. नंतर आलास तो मोटारीनंच. आता वयामुळे मोटारीचं लायसन्स परत केलंस, म्हणून फोनवर विचारलंस, "दादा, गाडीत काही बदललंय का रे?" मी म्हणालो, "छे, आपली तीच गाडी." गाडीत सूचना देतात खरी, पण कानाचं यंत्र लावायची तुला लाज वाटते, हेही मला ठाऊक होतं.

भिक्षूंनी थोडी वाट पाहिली आणि आईचं वर्षश्राद्ध उरकलं. तुझ्या वाटचे गोड भाताचे गोळे मी खाल्ले. छान झाले होते. खोटं कशाला सांगू?

हिवाळ्यापुरतीच नेतो म्हणून तू आईला नेलंस. मोटारीच्या काचेतून ती मला म्हणाली, "बर्फ वितळलं की गाडीनं येईन, घ्यायला ये हं." बर्फ वितळल्यावर मी प्रत्येक गाडीच्या त्या पुढच्या दाराशी उभा राहिलो. फोन केला की तू म्हणायचास, "बरी आहे, झोपलीय." शेवटी ती आली ती तुझ्या मांडीवर, पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या अस्थींच्या पेटीतून. "तुला त्रास नको म्हणून कळवलं नाही, दादा," म्हणालास.

मीही तुला दाराचं कळवलं नाही, बस.

फिटंफाट झाली असं समजू नकोस. तू एक दुपार भिजलास. मी सगळा वसंत उभा होतो.

एवढंच सांग. शेवटी तिनं मला हाक मारली का? मारली नसेल तर तसंही लिही, पण खरं लिही. पुढच्या श्राद्धाला कुठल्या डब्यात बसायचं ते तुला आता कळलंय. दाराशी मी उभा असेन की नाही, ते तुझ्या उत्तरावर आहे.

लवकर कळव. फोन करू नकोस, फोनवर आपण दोघंही खोटं बोलतो.

वाट पाहायची सवय झालेला,
तुझा दादा
तोकुजी