मामांच्या मळ्यासमोरचे खांब

१७ जाने. २००४
हायवेच्या दुभाजकासाठी केलेल्या आमच्या तारांच्या कठड्याची आज पहिली धडक-चाचणी. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत जुनी मोटार ट्रकने ओढत आणली, वेगात तिरकी तारांवर सोडली. ड्रायव्हरच्या जागी वाळूचं पोतं. खांब एकेक आडवे झाले, तारा ताणल्या, मोटार घासत घासत थांबली. पोतं जागच्या जागी! साहेब म्हणाले, "दुभाजकात भिंत असती तर पोतं काच फोडून बाहेर आलं असतं." घरी आईला तेच पुन्हा पुन्हा सांगत बसलो. जेवण गार.

१८ एप्रि., रवि.
निफाड तालुक्यात हायवेवर चाचणीचा तुकडा मंजूर, नेमका मामांच्या गावासमोर. तारा लागल्या. मामांचं घर रस्त्याच्या अलीकडे, झेंडू-टोमॅटोचा मळा पलीकडे. मामा लोकांना सांगत होते, "आमच्या भाच्याची तार हाय." मी खांब उपसून दाखवला. जमिनीत नळी, तिच्यात खांब नुसता उभा, म्हणजे धडकेनंतर बदलायला सोपा. कल्पना माझीच.
मामी एवढंच म्हणाल्या, "आन् आमी कुठून जायचं?"
फाट्यावरून, म्हणालो. फाटा लांब पडतो, मान्य. पण मध्ये फट ठेवली की तिथेच गाड्या वळतात, तिथेच माणसं मरतात. सगळं नीट ऐकून घेतलं त्यांनी. "बरं. पन डोक्यावर क्रेट घेऊन कुठून जायचं?"

४ जुलै
वणीचं दर्शन करून येणारी जीप पावसात घसरली, तारांवर गेली. सगळे जिवंत! मामांचा फोन आल्याबरोबर निघालो. जीपमधली एक म्हातारी तारेला हळदकुंकू लावत होती. मी तोंड फिरवून उभा राहिलो, डोळे भरलेले कोणी बघू नयेत म्हणून.
वाकलेले खांब लगेच बदलायला हवेत. कंत्राटदार "बघतो" म्हणाला.

२२ ऑग., रवि.
अजून बघतोच आहे. जिथले खांब गेले तिथे तारा लोळताहेत. सगळ्या गावाची ये-जा तिथूनच. मामी खूश. दुरुस्त केलं तर त्यांची वाट बंद, नाही केलं तर पुढची जीप...
साहेबांना म्हटलं, रस्त्याखालून एक बोगदा मागू या, बैलगाडी जाईल एवढा. "आपण तारा करतो," म्हणाले. "बोगदे आपल्या हातात नाहीत."

२९ सप्टें.
नवे खांब बसले एकदाचे. तारा ताणून दिल्या. मामी दिसल्या, डोक्यावर क्रेट घेऊन फाट्याकडे निघालेल्या.

१० ऑक्टो., रवि.
मळ्यासमोरचे खांब काढलेले. फेकलेले नाहीत, कडेला नीट रचून ठेवलेत. मामांना विचारलं.
"दसऱ्यापुरतं रे. झेंडू ऐन भरात हाय, लय हेलपाटे व्हत्यात. दसरा झाला की मी सोता लावतो." मग हसून, "हात लावला की निघतो, तूच दाखवलंस ना?"
मी परत बसवायला लागलो. मामांनी अडवलं नाही. पाणी प्यायला घरात गेलो तेवढ्यात मामींनी पुन्हा काढले. साहेबांना कळवलं. म्हणाले, माणूस पाठवतो.

१९ ऑक्टो.
काल पहाटे. मालेगावकडून आलेली मोटार मळ्यासमोर दुभाजक ओलांडून टेम्पोवर. मोटारीतला तरुण मास्तर जागीच गेला. बायको दवाखान्यात. साहेबांचा माणूस आलाच नव्हता.
मामांचा फोन. "खांब असते तर?"
बघून सांगतो, म्हणालो. काय बघून सांगणार होतो?

२२ ऑक्टो., दसरा
आई भावाला सोनं द्यायला गेली. मामा खोलीबाहेर आले नाहीत. मळ्यात फुलं तशीच उभी, कोणी तोडलीच नाहीत म्हणाली.

२७ ऑक्टो.
साहेबांच्या मागे लागून चाचणी घेतली. मळ्यासमोर काढलेले होते तेवढेच खांब काढून. पहिल्यांदा तारांनी मोटार धरली. मी ओरडलोच, खांबांवाचूनही थांबते! पुन्हा घेतली. तारांवरून सरळ पलीकडे.
तिसऱ्यांदा घ्यायला मोटार उरली नाही. आणि घेऊन तरी? मास्तर किती वेगात होता, कोणाला माहीत आहे?

३१ ऑक्टो., रवि.
आईला घेऊन मामांकडे. खरं तेच सांगितलं. एकदा थांबली, एकदा नाही.
"म्हंजी?"
"म्हणजे माहीत नाही, मामा."
तुमच्यामुळे गेला म्हटलं असतं तर रडले असते, तुमचा दोष नाही म्हटलं असतं तर झोपले असते. यातलं काहीच त्यांना करता येईना. नुसते हाताकडे बघत बसले.
उद्या माझा पोलीस ठाण्यात जबाब. खांब कोणी काढले, हे विचारणारच. मामा म्हणाले, "माझं नाव सांग." मामी आतून ओरडल्या, "खबरदार! गावानं काढले म्हन. आन् काढले मी, त्यांनी नाय."
निघालो तर मामी क्रेट घेऊन रस्त्यापर्यंत बरोबर आल्या. खांब पुन्हा उभे, तारा ताठ. एक ट्रक जाऊ दिला, दोघं दुभाजकापाशी आलो, त्यांनी क्रेट माझ्याकडे दिलं. साडी खोचून खालच्या तारेवर पाय ठेवला. तार हलली, त्यांचा तोल गेला. त्यांनी हात पुढे केला.
मी हात धरला.