मागच्या सीटवर तीन खुर्च्या

सर, बसल्या. तिन्ही बसल्या. आमच्या लहान गाडीच्या मागच्या सीटवर मुलांच्या तीन खुर्च्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत, दोन्ही दारं न ढकलता लागतात, आणि धरून गदागदा हलवलं तर गाडी हलते, खुर्ची हलत नाही. घरात सगळ्यांना सांगून झालं, कंपनीत सांगून झालं, शेजारणीला तर दार उघडून दाखवूनही झालं. तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं की हे तुम्हाला सांगायचं राहिलंय, आणि तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली.

तुम्ही होतात तेव्हा असल्या खुर्च्या आपल्याकडे कुणाच्या गाडीत नव्हत्या, म्हणून आधी तेवढं सांगते. लहान मुलाला मोठ्या माणसाचा पट्टा लागू होत नाही. तो गळ्याशी येतो. म्हणून मुलाच्या मापाची खुर्ची गाडीच्या सीटवर घट्ट आवळायची आणि मूल त्या खुर्चीत बांधायचं. मला थोरला मुलगा सहा वर्षांचा, आणि त्याच्या पाठीवर दोन जुळ्या मुली, दीड वर्षाच्या. म्हणजे खुर्च्या तीन आणि मागची सीट एक. सुप्याच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेली कामं मापात आहेत की नाहीत ते बघते आणि नसली की परत पाठवते. खालची पोरं मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आम्ही तुम्हाला म्हणायचो त्यापेक्षा ते बरं आहे.

आयटीआयचं ते वर्कशॉप मला अजून दिसतं. फिटरच्या वर्गात एकवीस मुलगे आणि मी एकटी मुलगी. लोखंडाचे दोन तुकडे घासून एकमेकांत बसवायचा जॉब आहे, आठ दिवस मी कानस चालवतेय, तळव्याला फोड आलेत. तुम्ही तुकडे उचलता, एकात एक घालता आणि खिडकीकडे धरता. फटीतून उजेडाची बारीक रेघ येते. मी घाईने म्हणते, "बसंल सर, अजून जरासं घासलं की."

"बसंल म्हंजे काय? बसतंय का न्हाई, येवढंच बोल."

आणि जॉब भंगाराच्या पेटीत. मुलं हसली. मी ड्रिलिंग मशीनच्या मागे जाऊन डोळे पुसून आले, तोवर तुम्ही त्यांचेही तुकडे खिडकीला धरले होते आणि त्यातले सात पेटीत गेले होते. मग कुणी हसलं नाही. त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता, आणि मी मुलगी म्हणून तुम्ही मला सोडलं नाहीत हे घरी जाताना बसमध्ये कळलं, तेव्हा रागात थोडा आनंदही मिसळला.

पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आयटीआयतून माझं नाव काढायचं ठरवलं. पोरीच्या जातीला कशाला लोखंड, असं चुलत्यांचं म्हणणं, आणि अण्णांना ते पटलेलं. तुम्ही कोपरगावला आमच्या वस्तीवर आलात, उसाच्या बांधावरून चालत, पायात वर्कशॉपचेच बूट. आईने चहा दिला. तुम्ही माझी तारीफ केली नाहीत की शिक्षणावर काही बोलला नाहीत. एवढंच म्हणालात, "हिचा हात सरळ चालतो. असा हात वर्षाला एखादाच येतो माज्याकडं. ठिवा तिला." निघताना तुम्ही खिशातली तुमची सहा इंची स्टीलची पट्टी काढून मला दिलीत. कडेचे आकडे पुसट झाले होते. अण्णांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि मला म्हणाले, "सोमवारी जायाचं मग."

आता खुर्च्यांचं. जुळ्या मुली दवाखान्यातून घरी आल्या त्या इतक्या लहान होत्या की त्यांना घट्ट धरायचीही भीती वाटायची. त्या धडधाकट झाल्या आणि गाडीतून फिरायची वेळ आली, तेव्हा घरात दोन मतं पडली. नवरा म्हणाला, मोठी गाडी बघू, पुढंमागं घेऊ, तोवर चालवून घेऊ. सासूबाई म्हणाल्या, कसल्या खुर्च्या अन् कसलं काय. "माज्या मांडीवर तीन पोरं वाढली. एसटीत, जीपमधी, टेम्पोत सुद्दा. एक तरी पडलं व्हय? आता माजी मांडी कमी पडाय लागली का?" त्या रागावल्या नव्हत्या, सर, त्यांना लागलं होतं. कंपनीत माल वाहणाऱ्या गाडीला ब्रेक लागला की तिच्यावरची खोकी कशी पुढे जातात ते मी रोज बघते, पण हे घरात सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग मी माझ्या मनाने खुर्च्या मागवल्या. मापं न घेता, सर. फोटो बघितला आणि म्हटलं, बसेल. पहिली ऐटीत बसली, दुसरी बसली, तिसरी घातली आणि दार चार बोटं उघडंच राहिलं. मुलगा म्हणाला, "मम्मी, मी टपावर बसू का?" सासूबाई ओट्यावरून सगळं बघत होत्या. पदर तोंडाला लावलेला मला दिसला. खुर्च्या परत पाठवल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही असं म्हणणार नाही, झोप लागली, पण सकाळी उठल्या उठल्या मी कपाट उघडून तुमची पट्टी काढली.

पुढचे दोन रविवार मी गाडीत होते. मागची सीट दारापासून दारापर्यंत एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर. नगरच्या दुकानातल्या सगळ्यात अरुंद खुर्च्या चव्वेचाळीसच्या. तीनदा चव्वेचाळीस म्हणजे चार सेंटिमीटर जास्त. नवरा म्हणाला, "झालं ना आता समाधान?" पण खुर्ची काही वीट नाही, सर. ती खाली अरुंद असते, मध्ये फुगते, वर पुन्हा निमुळती होते. सीटचे बारीक कोपरे मी तुमच्या पट्टीने मोजले, कंपनीतल्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून प्रत्येक उंचीवर केवढी खुर्ची मावेल तो आकार काढला आणि पुठ्ठे सीटवर मांडून बघितले. लहान मुलींच्या खुर्च्या पाठमोऱ्या बसवतात, तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. त्यांची पायाची बाजू सीटच्या पाठीला लागते, आणि ती बाजू अरुंद असते. मोठ्याची खुर्ची समोर तोंड करून, तिचा फुगवटा नेमका त्याच पाठीशी. मोठा मध्ये आणि पाठमोऱ्या मुली दोन्ही बाजूंना घातल्या की एकीचा फुगवटा दुसऱ्याच्या खोबणीत जातो. एकात एक. माझ्या अंगावर काटा आला, खरंच. अजून एक अडचण होती. खुर्ची अडकवायला गाडीत लोखंडी कड्या दिलेल्या असतात, त्यात अडकवली की ती जागची सरकत नाही आणि दाराजवळ दोन सेंटिमीटर वाया जातात. त्या कड्या सोडून द्यायच्या आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे गाडीच्याच पट्ट्याने खुर्च्या दारालगत आवळायच्या, असं मी ठरवलं.

पुठ्ठे घेऊन मी नगरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "म्याडम, तीन कशाला? दोन न्या, एक पोरगं घ्या की मांडीवर." मी पुठ्ठा त्याच्या खुर्चीला लावला. पहिली नाही, दुसरी नाही, पाचवी बरोबर बसली. शेवटी तोच पुठ्ठा घेऊन स्वतः खाली बसून मापं लावत होता आणि गिऱ्हाइकांना म्हणत होता, थांबा जरा, इथं काम चाललंय.

बसवताना मी एकेका खुर्चीत गुडघा रोवून सगळं वजन टाकलं आणि नवऱ्याने पट्टा ओढला. हाताला वळ उठले. तिसऱ्या खुर्चीनंतर मी खाली उतरले आणि दार लोटलं. खट् आवाज झाला, सर. नुसता खट्. दुसऱ्या बाजूला गेले, ते दारही तसंच. नवरा म्हणाला, "मानलं बुवा." मुलगा टाळ्या पिटत गाडीभोवती तीन चकरा धावला. सासूबाई आत निघून गेल्या.

नाताळला आम्ही राहात्याला गेलो, सासूबाईंच्या माहेरी. मी गाडी चालवणार, त्या पुढे, मुलं मागे. नवऱ्याला गाडीत जागाच उरली नाही, तो एसटीने आला आणि सगळ्यांना सांगत सुटला की आपल्याला घरातून काढलंय. येताना सासूबाईंच्या भावाने बागेतले पेरू दिले, चांगली सहा-सात किलोंची पिशवी. डिकीत ठेवू म्हटलं तर त्या म्हणाल्या, दबतील, मी घेते मांडीवर. पट्टा लावून, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या बसल्या. पाठमोऱ्या खुर्च्यांमुळे पुढची सीट पुढे सरकवलेली, त्यांचे गुडघे आखडलेले, आणि त्यावरून राहुरीपर्यंत मला ऐकून घ्यावं लागलं.

राहुरी मागे पडल्यावर, भर दुपारी, शेतातल्या वाटेने उसाचा ट्रॅक्टर एकदम रस्त्यावर आला. मागे दोन ट्रॉल्या. मी ब्रेकवर उभीच राहिले. टायर किंचाळले, गाडी थरथरली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. उसाची एक कांडी समोरच्या काचेवर टेकली होती. सगळीकडे पेरू. पिशवी काचेवर जाऊन फुटली होती, पेरू माझ्या पायात, गिअरपाशी, सासूबाईंच्या केसांत पेरूच्या बिया. मी मागे वळून पाहिलं. तिघंही जिथल्या तिथं. एक मुलगी झोपलेलीच होती. दुसरीने मागच्या सीटच्या पाठीला लावलेल्या आरशातून माझ्याकडे बघून जांभई दिली. मुलगा म्हणाला, "आजी, तुझे पेरू!" आणि खदाखदा हसायला लागला.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या स्वतःच्या रिकाम्या हातांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "दोन्ही हातांनी धरली हुती गं. घट धरली हुती. कवा सुटली ते कळलंबी न्हाई." मी गाडी कडेला घेतली. त्या उतरल्या, मागचं दार उघडलं, तिन्ही नातवंडांच्या डोक्यावरून एकेकदा हात फिरवला, मग खुर्ची धरून हलवून बघितली. एकदा, दोनदा, सगळा जोर लावून. गाडी हलली. त्यांनी वर पाहून प्रभूचं नाव घेतलं आणि मग मला म्हणाल्या, "कुनी शिकिवलं तुला हे?"

मी तुमचं नाव सांगितलं, सर.

आता आमच्या गल्लीत लहान मूल मांडीवर घेऊन कुणी गाडीत बसलेलं दिसलं की सासूबाई काचेवर टकटक करतात. पेरूची गोष्ट ऐकल्याशिवाय सुटका नाही. दोन घरांनी खुर्च्या घेतल्या, आणि दोन्ही घरच्या खुर्च्या बसवायला मला नेलं. गेल्या रविवारी एक जण म्हणाला, "ताई, बसेल वाटतंय." मी काय म्हणाले असेन ते तुम्हाला सांगायला नको.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, डायरीच्या मागच्या पानांवरच राहील, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी कंपनीत सांगितली नाही. मी सगळीकडे म्हणते की तिन्ही खुर्च्या मी एकटीने बसवल्या. ते पूर्ण खरं नाही, आणि नवऱ्याने पट्टा ओढला म्हणून नव्हे. दोन खुर्च्यांच्या मध्ये इतकी कमी जागा उरली की मधल्या मुलाची खुर्ची आवळणाऱ्या पट्ट्याचं कुलूप त्या फटीत खाली बुडतं, आणि माझा हात तिथे जात नाही. खूप प्रयत्न केले, बोटं सोलून निघाली. सासूबाईंचा हात बारीक आहे. बाहेर निघायच्या वेळी त्याच हात घालतात, कुलूप नीट लागलंय का ते आत चाचपतात, आणि लागलेलं असलं की मला नुसती मान हलवून सांगतात. मग मी गाडी सुरू करते.