काळीला सहा सिलिंडर, पांढरीला चार

मी, निवृत्त दंतवैद्य, वय वर्षे एक्याऐंशी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्या व्याह्यांना हे मान्य नाही, परंतु त्याला कारण केवळ माझी गाडी आहे.

१. राहते घर मुलाला. बँकेतील ठेवी सुनेला, कारण मुलगा त्यांचे टायर आणील.

२. दवाखान्यातील खुर्ची व औजारे नव्या डॉक्टरीणबाईंना. दाढ काढण्याचा मोठा चिमटा मात्र गाडीबरोबर राहील. स्पार्क प्लग त्याशिवाय निघत नाही.

३. शेजारच्या शिंप्याला काहीही देऊ नये. त्याने माझ्या गाडीला टेम्पो म्हटले होते.

४. माझी जुनी काळी गाडी व्याह्यांना द्यावी. त्यांना स्वतःची पांढरी असताना ही कशाला, असे कोणी विचारील, म्हणून तुलना नमूद करतो. काळीला सहा सिलिंडर, पंचाण्णव हॉर्सपॉवर. पांढरीला चार आणि अठ्ठेचाळीस, तेही तिची मर्जी असेल तर. काळीचा ताशी एकशे वीसचा वेग मी स्वतः पाहिला आहे. उतार होता आणि ब्रेक लागत नव्हते. पांढरी लिटरला चौदा किलोमीटर देते, असे व्याही सांगतात. त्यात ढकलत नेलेले अंतर धरलेले आहे. वळण्यात पांढरी सरस, हे कबूल. काळीला वळायला अख्खा चौक लागतो.

५. मुलाच्या लग्नात नवरानवरीला कोणाच्या गाडीतून घरी न्यायचे यावरून आमची जुंपली. शेवटी शर्यत ठरली. मुलगा माझ्या गाडीत बसला, सून तिच्या वडिलांच्या. पहिल्याच चढावर काळी उकळली. ते पाहून व्याही हसू लागले, तोच पांढरीचा रिव्हर्स गिअर अडकला आणि ते हसत हसतच मागे गेले. नवरानवरी उतरून बसने निघून गेली. आम्ही दोघे एका ट्रकच्या मागे, एकाच दोरखंडाला बांधलेले, संध्याकाळी पोहोचलो. दारात माझी बायको. म्हणाली, "आलात? आमची जेवणं झाली."

तेव्हापासून दर रविवारी व्याही येतात, बॉनेट उघडतात, "हे काय इंजिन आहे?" म्हणतात आणि दुरुस्त करून जातात. बायको गेली त्या आठवड्यातही आले. तासभर त्यांनी कार्ब्युरेटरला नावे ठेवली. मी चिडून भांडलो, आणि त्यानंतर मला भूक लागली.

६. हे सर्वांसमोर वाचून दाखवले. व्याही साक्षीदार म्हणून सही करणार, तेवढ्यात वकीलबाई म्हणाल्या, "थांबा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही."

व्याह्यांनी तरी पेन उचलले.

"बाबा, गाडी हातची जाईल!" सून ओरडली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "डॉक्टरच नसताना ती गाडी घेऊन मी भांडू कोणाशी?"

सबब काळी गाडी सुनेला.

स्थळ: आमचे गॅरेज. रविवार, १४ मार्च.

सही: निवृत्त दंतवैद्य
साक्षीदार पहिले: व्याही (डाव्या हाताने, उजवा ग्रीसने माखलेला)
साक्षीदार दुसरे: समोरच्या औषधांच्या दुकानाचे मालक