याकूबच्या विटा

मंगळवार, १२ जानेवारी १९३७

आज याकूबला बघून नुसता जळफळाट झाला. मनमाडहून आलेलं नवं पोरगं, बाप रेल्वेत फिटर. रविवारी देवळालीच्या पोरांशी बास्केटबॉलचा सामना, आणि आमच्यात एकच जागा उरलेली. ती माझी होती. म्हणजे मी तरी तसं धरून चाललो होतो.

ड्रिलमास्तर रोज मैदानात उभ्या विटांच्या रांगा लावायला सांगतात, प्रत्येकाला एक रांग. मधून नागमोडी पळायचं, वीट पडली की पुन्हा पहिल्यापासून. याकूबची टाच जमिनीला लागतच नाही. मांजरासारखा पळतो.

विटा लावतो मीच. म्हणून आठ दिवस त्याच्या विटा गुपचूप वीतवीतभर जवळ लावल्या. पहिल्या दिवशी त्याने चार पाडल्या, मी पोट धरून हसलो. मग दोन. मग एकही नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात का नाही आलं?

आज निवडीला सगळे एकाच रांगेतून पळाले, नेहमीच्या अंतराच्या. तो मोकळ्या रस्त्यावरून गेल्यासारखा गेला. टाच तेव्हाही वरच. मी दोन विटा पाडल्या.

"रविवारी तू," मास्तर त्याला म्हणाले. "असं वळायला कुठं शिकलास रे?"

"इथंच की. माझ्या विटा जवळ असतात ना. वाटलं, नवा म्हणून तुम्ही जास्त घासून घेताय."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "उद्यापासून तुझ्याही तशाच लाव."

"त्याच्या मी लावतो, मास्तर," याकूब म्हणाला. "त्यालाही जमेल."

अगदी मनापासून म्हणाला. त्याचाच जास्त राग येतोय.